देशाचा धातू, आमची भट्टी

४ फेब्रुवारी
आमोददादाला आज फोनवर चांगलं झापलं! सख्खा भाऊ, पण नोकरी कुठे? ॲल्युमिनियम बनवणाऱ्या बड्या कंपनीत. त्या कंपनीने सरकारकडे लकडा लावलाय — परदेशातून येणाऱ्या मालावर ड्यूटी वाढवा, भंगारावरसुद्धा! आम्ही खडकीच्या शेडमध्ये तेच भंगार वितळवून स्कूटरचे भाग ओततो. ड्यूटी वाढली की आमची भट्टी बंद.
"अवनी, हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न आहे," म्हणे. मग विजेच्या तारा, रेल्वेचे डबे, विमानं — सगळी यादी ऐकवली. आणि आम्ही कोण? परदेशी?

६ फेब्रुवारी
आमटीत दोनदा मीठ पडलं. तेही दादामुळेच!

९ फेब्रुवारी
उद्योजकांचं म्हणणं ऐकायला दिल्लीचे अधिकारी येणार आहेत, स्वारगेटजवळच्या हॉलमध्ये. छोट्या कारखानदारांतर्फे बाबा बोलणार! संघटनेत सगळ्यांत जुने तेच. भाषण मी लिहून दिलं. हृदयाच्या बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना शेडमध्ये जायला बंदी केली, तेव्हा आयटीतली नोकरी सोडून मी भट्टी हातात घेतली. एवढा तरी हक्क आहे माझा.
भट्टीवरचा संपत दुपारी घुटमळत होता. यवतमाळहून बायको-पोरांना नुकतंच इकडे आणलंय त्याने. "ताई, बंद तर नाही ना होणार जी?"
"मुळीच नाही," म्हटलं. घसा फाडून म्हटलं.

१५ फेब्रुवारी
हद्द झाली! बाबा उभे राहिले, माझा कागद घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाले, "धातू देशातच बनला पाहिजे. त्यापायी आमच्यासारख्या चार भट्ट्या विझल्या, तर विझू देत." अधिकारी खूश! कंपनीतर्फे आलेला दादा मात्र खाली बघत बसला होता. आमचे सगळे कारखानदार माझ्याकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
लेकीने राब राब राबायचं, आणि जिंकायचं मुलाने! घरी येऊन वर चहा मागितला. "दादाकडे मागा," म्हटलं.

१६ फेब्रुवारी
अबोला. आईसुद्धा गप्प. छान चाललंय.

१८ फेब्रुवारी
बाबाच आज खोलीत आले. उभ्या उभ्याच बोलले. "माझ्या आजारपणात तू नोकरी सोडलीस. तेव्हा अडवलं नाही, ती माझी चूक. मग वाट बघत राहिलो, आता भट्टी सोडशील, मग सोडशील. तू काही सोडेनास. भट्टीच विझली तर सुटशील, म्हणून बोललो तसं."
मी तर त्यांच्यासाठीच रेटत होते!
म्हणजे आम्हा दोघांनाही ती भट्टी नको होती. हवी होती संपतला. त्याला कुणी विचारलंच नाही.