काउंटरवर कवळी दिसता कामा नये

डॉक्टर, तुमच्याच दवाखान्यात बसून लिहितेय. दुपारची सुट्टी आहे, शटर अर्धं ओढलंय. घरी जाऊन तरी काय करायचं म्हणून डबा इथंच खाल्ला. अपॉइंटमेंटची छापील कार्डं आता रद्दीत जायची आहेत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहितेय. कार्ड एवढंसं आणि माझं चौथीतलं अक्षर बैलाएवढं, चार ओळींत कार्ड संपतं. तुम्ही गेल्यावर इतकी वर्षं तुम्हाला सांगण्यासारखं काही साचलं नव्हतं. आता साचलंय, आणि ज्याला सांगावं असं दुसरं कुणी इथं बसलेलं नाही.

तुमच्या सुनेनं तीन दवाखाने केलेत. हा आपला कोल्हापुरातला जुना, दुसरा कागलला एमआयडीसीजवळ, तिसरा कुरुंदवाडला. पेशंट रूट कॅनल इथं करून घेतो आणि कॅप बसवायला कागलला जातो, कारण तिथं त्याची कारखान्यातली पाळी सुटते. मग तिकडची पोरगी मला फोन करते, "मावशी, ह्यांचा एक्स-रे तुमच्याकडं हाय का कुरुंदवाडला गेला?" मी म्हणते, "माझ्या पदरात बांधलाय, सोडून बघतो थांब." असं किती दिवस चालणार? म्हणून तिन्हीकडं मिळून एकच सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? तुमच्या कपाटातली केसपेपरची पाकिटं, माझा फोन आणि भिंतीवरचं कॅलेंडर, हे सगळं दाबून कंप्युटरात भरलेलं. पाच-सहा कंपन्यांची बघितली, त्यातली दोन उरली. सून म्हणाली, "मावशी, तुम्ही पण बसा बघायला. काउंटर तुमचा आहे."

काउंटरवर माझं काम काय, तर उद्याच्या पेशंटांना आज फोन करायचे. "मावशी बोलतोय दवाखान्यातनं. उद्या येतायसा न्हवं? जेवून या, उपाशी पोटी दात काढत न्हाईत हितं." एवढ्यावर फोन संपत नाही. कुणाची म्हैस व्यालेली असते, कुणाची लेक बाळंतपणाला आलेली असते, कुणी मेलेलं असतं. माझा लेक पुण्यात आहे. रविवारी नात फोनवर येते, "आजी, जेवलीस का?" म्हणते, आणि मी काय जेवले ते सांगायच्या आत फोन दुसऱ्याच्या हातात गेलेला असतो. बाकीच्या दिवशी माझा आवाज तुमच्या पेशंटांसाठीच बाहेर निघतो. रडगाणं गात नाही मी, आहे ते सांगितलं.

पहिल्या कंपनीचा माणूस स्वतः आला होता. एवढ्या उकाड्यात टाय बांधून. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खा जबडा काढलेला, दातावर बोट ठेवलं की दात निळा होतो. मी आधी मला हवं ते विचारून घेतलं. "ह्यात पेशंटला फोन कोण करणार?"

"यादी समोर येते, आजी. फोन माणसानंच करायचा."

मला बरं वाटलं. चहाचा कप मी त्याच्यापुढं सरकवला, वर बिस्किटं दिली. मग त्यानं दाखवायला म्हणून एक पेशंट उघडला. नाव, नंबर, आणि खाली ढळढळीत अक्षरांत: वरची पूर्ण कवळी.

"हे कोण कोण बघणार?"

"सगळे. तिन्ही ब्रँच. काउंटरवरसुद्धा. त्यात लपवायचं काय?"

आणि मला तो दिवस आठवला. मी नवीन लागलेय. बाक भरलाय. एक मिशीवाले पावणं बसलेत, शेजारी त्यांच्या होणाऱ्या विहीणबाई. त्यांची दाढ दुखतेय म्हणून पावण्यांनीच मोठेपणानं त्यांना आपल्या डॉक्टरांकडं आणलंय. आणि मी इकडनं ओरडते, "काय पावणं, कवळी धरतीया का आता? का अजून बोलताना खाली येतीया?" सगळा बाक हसतो. विहीणबाई पदर तोंडाला लावतात. तुम्ही बाहेर येता, मला आत बोलावता, दार लावता. आवाज चढवत नाही. "हे बघा बाई, खोलीत उघडलेलं तोंड बाकावर उघडायचं नाही. परत केलंत तर उद्यापासून भांडी उकळायला बसवीन."

"त्यात काय, मिशीखाली दिसतंयच की," मी म्हणते.

"दिसू दे. आपण सांगायचं नाही."

ते पावणं परत आले नाहीत. आणि पुढं माझेच दात गेले, तेव्हा माझी कवळी तुम्ही दुपारच्या सुट्टीत बसवलीत. हेच शटर अर्धं ओढून. बाहेर कुणाला पत्ता लागू दिला नाहीत, घरी तुमच्या वैनींनासुद्धा नाही. आजही अख्खी गल्ली म्हणते, म्हातारीचे दात बघा कसे आहेत, आणि मी म्हणते, "शेंगा खाल्ल्यात लहानपणी."

तर मी टायवाल्याला विचारलं, काउंटरवर नुसतं नाव आणि वेळ दिसेल असं होतं का? तो म्हणाला, ह्यात नाही होत. तो गेल्यावर सुनेनं दुसरं उघडून दाखवलं. त्यात प्रत्येकाला आपलं आपलं कुलूप. काउंटरला नाव आणि वेळ, तोंडाचं सगळं फक्त खुर्चीजवळच्या डॉक्टरला.

"आणि ह्यात फोन?"

"फोन नाही, मावशी. मेसेज आपोआप जातो, उत्तर आपोआप येतं." हे बोलताना ती पडद्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. तुमची सून खुळी नाही. "तुम्ही सांगा. तुम्हाला पटल्याशिवाय मी घेणार नाही."

मी वर पंख्याकडं बघितलं. पुसायला झालाय तो. पहिलं घे म्हटलं असतं तर तिनं घेतलं असतं, माझ्याखातर. मग कुरुंदवाडची पोरगी कोल्हापुरातल्या कवळ्या वाचत बसली असती आणि मी इथं फोन करत.

"दुसरं घे."

"मावशी, फोन—"

"घसा बसलाय माझा कवापासनं. सुटलो म्हणायचं."

"तुमची खुर्ची आहे तिथंच राहणार," ती म्हणाली. राहील की. खुर्चीला काय होतंय.

सॉफ्टवेअर चालतंय का बघायला एक पेशंट लागत होता, तर तिनं माझा नंबर घातला. मघाशी डबा धुवून आले तर मोबाईल वाजला. "नमस्कार. उद्या सकाळी अकरा वाजता आपली वेळ आहे. येणार असल्यास १ दाबा." कशासाठी, ते लिहिलेलं नाही. बरोबर आहे, घरात कुणाच्याही हातात मोबाईल असतो. तुम्हाला आवडलं असतं. फक्त 'जेवून या' तेवढं म्हणत नाही.

बाहेर कुणीतरी शटर वाजवतंय, सुट्टी संपली. ही कार्डं गठ्ठ्यात मधी घालून ठेवते, रद्दीवाला वाचत नाही. उद्याची वेळ खोटी आहे हे मला कळतं, अकरा वाजता मी तशीही काउंटरवरच असणार. तरी मी एक दाबलं. लगेच "धन्यवाद" आलं. मग मी परत एक दाबलं. त्याला काही उत्तर आलं नाही.