समोरचा दात, स्विस पेस्ट आणि मी

४ सप्टेंबर
सकाळी पाव चावला आणि समोरच्या वरच्या दातातून कळ थेट डोळ्यापर्यंत गेली. पाव शिळा असणार. बायको, बुर्गी, म्हणाली, आत्ताच बेकरीतून आणलाय, अजून गरम आहे. मग गरम असल्यामुळे झालं असणार.

घाबरण्यासारखं काही नाही. फक्त मी ट्रम्पेट वाजवतो, आणि ट्रम्पेट म्हणजे समोरचे दात. ओठामागे दात नसेल तर सूर निघत नाही, फुसकी हवा निघते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सुगीचा सण. चर्चसमोर, अख्ख्या ग्मुंडेन गावाच्या देखत सोलो माझा. कित्येक वर्षं माझाच.

निर्णय: टूथपेस्ट बदलायची. दातांचा डॉक्टर ही शेवटची पायरी. मी अजून जिना चढायलाच सुरुवात केलेली नाही.

५ सप्टेंबर
ड्युटी संपली, बस डेपोत लावली आणि तडक झ्वेट्लरबाईंच्या दुकानात. त्यांनी विचारलं, कसली पेस्ट देऊ? म्हटलं, खास युरोपात बनलेली. त्या म्हणाल्या, "हासलाउअर, आपण ऑस्ट्रियात आहोत. इथे सगळ्या तिथल्याच आहेत." बाईंना बारकावे कळत नाहीत.

जर्मन पेस्ट मिठाची. इटालियन ज्येष्ठमधाची. स्वीडनची बिनचवीची. स्विस पेस्टमध्ये डोंगरातल्या वनस्पती. बराच वेळ उभा राहून सगळ्यांच्या मागचं वाचलं. शेवटी स्विस घेतली. जे लोक एवढी बारीक घड्याळं करतात, त्यांना एक दात काय जड आहे? बाईंनी दातांच्या फटीत घालायचे इवलेसे ब्रश पण दाखवले. त्यांच्या आत तार असते. तार बघितली आणि तळपाय गार पडले. ते नंतर कधीतरी.

९ सप्टेंबर
चूळ भरली की पाणी गुलाबी येतं. वनस्पतीचा रंग असणार. ट्यूबवर सगळी पानं हिरवी काढलीत, पण छपाईत रंग बदलतात.

बुर्गीने बेसिनमध्ये डोकावून पाहिलं. म्हणाली, "कॉर्बी, हे रक्त आहे." म्हटलं, तुला वनस्पतींमधलं काय कळतं? तिचा बाप माळी होता, हे तोंडातून वाक्य गेल्यावर आठवलं.

१२ सप्टेंबर
जर्मन, मिठाची. पहिल्याच घासण्याला डोळ्यांतून पाणी आलं. हिरडीला आग लागली. म्हणजे काम करते आहे. स्विस लोक फारच मवाळ.

दात किंचित हलतो. जिभेने तपासायचं नाही, असं ठरवलं. दिवसभर जीभ तिथेच. बसमध्ये एक बाई विचारत होत्या, तुम्ही कोणाला वेडावताय?

१६ सप्टेंबर
बुर्गीने परस्पर अपॉइंटमेंट घेतली. मी हो म्हटलं. भित्रा थोडाच आहे!

डॉक्टर लाइटगेब यांच्या दारापर्यंत गेलो. बेलवर बोट ठेवलं. तेवढ्यात आतून घर्रर्र असा आवाज आला. हाडं दळल्यासारखा. मी कसा वळलो ते मला कळलं नाही, तळ्याकाठच्या बाकावर बसल्यावर भानावर आलो. शर्ट घामाने भिजलेला. एक हंस माझ्याकडे बघत होता.

परतताना लक्षात आलं, आवाज शेजारच्या बेकरीतला. कॉफी दळत होते. पण अपॉइंटमेंटची वेळ टळून गेली होती, माझा इलाज नव्हता.

बुर्गीने विचारलं, झालं? म्हटलं, जाऊन आलो. यात खोटं एक अक्षर नाही. ती म्हणाली, काय म्हणाल्या डॉक्टर? म्हटलं, पेस्ट बदलून बघा.

२० सप्टेंबर
इटालियन सुरू. चव छान. इटालियन लोक गातात किती छान! त्यांच्या दातांना काही होत असेल असं वाटत नाही.

बँडची तालीम. वरच्या सुरावर गेलो आणि तोंडात वीज पडली. ट्रम्पेटमधून गाढवाचं पिल्लू ओरडलं. सगळे हसले. मी म्हटलं, मुखनळी खराब आहे. आमचा बँडमास्टर एंगेलबेर्ट मात्र हसला नाही. जवळ येऊन हळूच म्हणाला, "तोंड उघड बघू." म्हटलं, तू काय घोड्यांचा व्यापारी आहेस? तो म्हणाला, "कॉर्बी, सोलो दुसऱ्या कोणाला देऊ का? खरं सांग." मी ट्रम्पेट पेटीत ठेवलं आणि निघालो. सणाला दोन आठवडे आहेत. दोन आठवड्यांत माणूस चंद्रावर जाऊन येतो.

२३ सप्टेंबर
गाल सुजला. पेस्टचा अर्क आत मुरतो आहे, असं धरून चालू. अंगात कणकण.

ड्युटीनंतर स्वीडिश पेस्ट आणायला गेलो. झ्वेट्लरबाईंनी ट्यूब हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि ट्यूब परत फळीवर ठेवली. म्हणाल्या, "या गालाला लावायची पेस्ट अजून कुठल्याच देशात निघालेली नाही. घरी जा आणि बायकोला सांगा." मी विचारलं, बायकोला काय सांगू? त्या म्हणाल्या, "घाबरलोय म्हणून सांगा."

असल्या दुकानात पुन्हा पाऊल टाकणार नाही.

२४ सप्टेंबर
सूज डोळ्याखाली आली. आरशातला माणूस माझ्या ओळखीचा नाही. बस चालवू शकलो नाही, रजा टाकली. गिळताना दुखतं. पेस्ट ब्रशवर घेतली, पण तोंड बोटभरही उघडेना.

मला वाटलं होतं तशी बुर्गी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझे बूट आणून पायाशी ठेवले आणि खाली बसून नाड्या बांधायला लागली. म्हणाली, "तुला काही झालं तर मी काय करू ते आधी सांग. मग नको जाऊस हवं तर."

मी म्हटलं, बुर्गी, मी गेलोच नव्हतो त्या दिवशी. ती म्हणाली, माहीत आहे. मग म्हटलं, मला भीती वाटते. ती म्हणाली, तेही माहीत आहे, दुसरा पाय पुढे कर.

२५ सप्टेंबर
काल काय झालं ते लिहितो. लाइटगेबबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या. खुर्ची मागे कलली आणि मी बेशुद्ध पडलो. त्यांनी अजून हातमोजेही घातले नव्हते.

शुद्धीवर आलो तेव्हा बुर्गी माझा पाय धरून उभी होती. इंजेक्शन टोचलं. मग मी वाट पाहत राहिलो, आता दुखेल, आता दुखेल. बाई म्हणाल्या, झालं. पू काढला, दातही काढला. मी म्हटलं, इतकंच? त्या म्हणाल्या, "इतकंच. तीन आठवडे आधी आला असतात तर बहुतेक दात वाचला असता. दोन दिवस उशीर केला असतात तर मी तुम्हाला थेट हॉस्पिटलात पाठवलं असतं."

दात वाटीत पडला होता. एवढासा. याच्यासाठी मी चार देश पालथे घातले.

कृत्रिम दात हिवाळ्यात बसेल. तोवर ट्रम्पेट बंद. घरी येऊन सूप प्यायलो आणि उशीत तोंड खुपसून रडलो. सूज असताना रडणं फार अवघड असतं.

५ ऑक्टोबर
सुगीचा सण. सोलो क्लारिनेटवाल्या वाल्ट्राउडने वाजवला. चांगला वाजवला. फारच चांगला.

एंगेलबेर्टने मला ट्रँगल, म्हणजे ठोकून वाजवायचा लोखंडी त्रिकोण, दिला होता. सबंध धूनमध्ये एकच ठोका, अगदी शेवटी. मी आठवडाभर सराव केला. नीट पाहिलं तर सगळी धून त्या एका ठोक्यावर उभी आहे, हे संगीतातल्या जाणकाराला सांगावं लागत नाही.

ठोका आला तेव्हा मी जिभेने फट चाचपत होतो. भानावर आलो तर टाळ्या सुरू झालेल्या. एंगेलबेर्टला कळलं नाही. कोणालाच कळलं नाही.

बुर्गी गर्दीतून वाट काढत आली. डोळे भरलेले. म्हणाली, "किती गोड वाजवलास रे!"

मी म्हटलं, थँक्यू.