पांढरं काही नाही ना?

ता. ४ मार्च

चि. दीडकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं जानेवारीतलं पत्र पोचलं. छापखान्यात खिडकीजवळचं टेबल मिळालं हे वाचून बरं वाटलं. खोकला गेला का? नसेल तर डॉक्टरला दाखव, माझ्यासारखं अंगावर काढू नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी चालू आहे. सकाळी सहाला सूपचं मोठं पातेलं चढवायचं, सातला कणी शिजवायची, आठला वॉर्डाच्या गाड्या भरायच्या. नवीन आहारतज्ज्ञ बाई आली आहे. तुझ्याच वयाची असेल. ती म्हणते, "मावशी, अंदाजाने काही घालायचं नाही, मोजूनच घालायचं." मी म्हणणार होते की बाई गं, एकतीस वर्षं अंदाजाने घातलं, कुणी मेलं नाही. पण हॉस्पिटलात असं बोलणं शोभत नाही, म्हणून गप्प बसले.

बाबांबद्दल काही लिहायचं नाही असं तू मला बजावलं आहेस. सात वर्षं मी ते पाळलं. आज थोडं लिहिते. राग आला तर इथेच थांब, पण मग माझी शाई फुकट जाईल.

तू गेलीस त्याच आठवड्यात तुझ्या बाबांनी दूध सोडलं. मग अंडी, लोणी, मांस, मासे, मध, सगळंच. मला आधी वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, रागाच्या भरात उपाशी राहणाऱ्यातलं. तू पहिल्यांदा 'व्हीगन' म्हणालीस तेव्हा मी कुठे दुखतंय असं विचारलं होतं, आठवतं ना? या खेपेला मी तेवढंही विचारलं नाही. ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. आमचं दोघांचं हे असंच चालतं.

घरात सोपं असतं. बाहेर हाल होतात. दुकानदारांचे वजनकाटे तपासायला त्यांना गावोगाव जावं लागायचं आणि दुपारचं जेवण कुठल्या तरी खाणावळीत व्हायचं. सुरुवातीला ते तुझाच शब्द वापरायचे, "मला पांढरं काही नको." एका ठिकाणी वाढप्याने ताटातला भात काढून नेला. दुसऱ्या ठिकाणी मीठ नसलेली भाजी आणून ठेवली. तिसऱ्या ठिकाणी तर टेबलावरचा पांढरा कपडा बदलला! घरी येऊन सांगताना हसून हसून त्यांना ठसका लागला होता. तू गेल्यावर तेवढंच एकदा हसले.

मग त्यांनी तुझी चिठ्ठी शोधून काढली. तू सोळा वर्षांची असताना, आपण बाहेर जेवायला गेलो की वाढप्याला दाखवायला म्हणून लिहिली होतीस ती. 'दूध? साय? लोणी? चीज? अंडं? मध? मटणाचं पाणी?' ती त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून घेतली आणि वरच्या खिशात ठेवली. प्रत्येक टेबलाशी बसून ओळीने सगळं विचारायचे. लोक वैतागायचे. एकदा त्यांच्या साहेबांनी सगळ्यांना मोठ्या हॉटेलात नेलं, तिथे सगळे जेवत होते आणि तुझे बाबा काकडी चघळत बसले होते. साहेब म्हणाले, "अहो, ब्रेडवर नुसता लोण्याचा हात फिरवलाय." हे म्हणाले, "काट्यावर नुसता हात ठेवला तरी वजन बदलतं, साहेब." दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तुझ्या बाबांना तीही सोय नाही, ताक पांढरंच की!

आणखी एक. ते आता स्वतःचं स्वतः रांधतात. त्यांचं वेगळं पातेलं आहे, कान तुटलेलं, तारेने बांधलेलं. हॉस्पिटलातून दमून आल्यावर माझ्या जिवाला तेवढाच आराम. घरोघरच्या बायकांना मी फुशारकीने सांगते.

खरं कारण आता लिहिते. नोव्हेंबरपासून त्यांच्या पोटात दुखतंय. तपासण्या झाल्या. जे असायला नको तेच आहे. घरातल्या काट्यावर रोज सकाळी उभे राहतात. एकसष्ट होते, आज बावन्न. म्हणतात, "काटा बरोबर आहे, माणूस कमी झालाय."

एकदा येऊन जा. दोन दिवस ये. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुझीच,
आई


ता. १९ मार्च

चि. दीडकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. चारच ओळी आहेत, पण पुरेशा आहेत. "ज्याने माझ्या ताटात फसवून घातलं, त्याच्यासाठी मी येणार नाही. आता ते काय खातात त्याने झालेलं पुसलं जात नाही. तुझी काळजी वाटते. तू ये माझ्याकडे." शेवटची ओळ मी दहादा वाचली. मग स्वतःचीच लाज वाटली.

पाकीट पाहून त्यांनी विचारलं, "माझं काही लिहिलंय?" मी म्हटलं, "नमस्कार लिहिलाय." सात वर्षं मी हेच सांगते. पत्र मी वाचून दाखवायचं आणि त्यांनी ऐकायचं. कधी हातात मागत नाहीत. चष्मा नाकावरच असतो, तरी मागत नाहीत.

तुझा राग खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो दिवस मलाही विसरता येत नाही. रविवार होता. टोमॅटोचं सूप पातळ झालं होतं आणि मी नळाशी भांडी घासत होते. "दाटपणाला चमचाभर तांदळाचं पीठ घालतो," असं म्हणत त्यांनी फळीवरचा डबा काढला. चमचा पातेल्यात पडला आणि गुठळ्या वर आल्या. तू वास घेतलास, डब्यात बोट बुडवून जिभेला लावलंस. ती दुधाची पावडर होती. तू विचारलंस, "कधीपासून?" ते म्हणाले, "तू शाळेत चक्कर येऊन पडलीस तेव्हापासून. मीच घालतो." तू म्हणालीस, "जगाचे काटे तपासता, तुमचाच काटा खोटा आहे."

तांदळाच्या पिठाच्या डब्यात पावडर कशी आली, यावर आता खल करण्यात अर्थ नाही. झालं ते झालं.

आज वजन शेहेचाळीस. डॉक्टर म्हणतात, दूध द्या, अंडं द्या, ताकद राहील, औषध झेपेल. मी म्हटलं, ते घेणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्ही तर स्वयंपाकीण. युक्ती करा." मी तिथून उठले.

चुलीशी उभं राहणं आता त्यांना होत नाही. तारेने बांधलेलं पातेलं फळीवर पालथं आहे. कालपासून मी रांधते आणि ते फळांचे तुकडे तेवढे खातात. सूप ठेवलं की म्हणतात, "पोट भरलंय."

तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती पत्रात मावणार नाही, समोर सांगेन. म्हणून तरी ये. पाया पडते असं आईने मुलीला लिहू नये, पण समज की लिहिलंय.

तुझी,
आई


ता. २ एप्रिल

दीडके,

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमारास बाबा गेले. तुझ्या मैत्रिणीला फोन केला होता, तिने तुला सांगितलं असेलच. तू आली नाहीस याचा मला राग नाही. तू कशासाठी येणार होतीस? ज्या माणसाने फसवलं असं तुला माहीत होतं, त्याच्यासाठी?

समोर सांगणार होते ते आता लिहिते. पत्रात मावत नाही हे खोटं होतं. एका ओळीत मावतं.

पावडर मी घालत होते.

तू जन्मलीस तेव्हा बाबांनी तुला त्यांच्या तपासणीच्या काट्यावर ठेवलं होतं. बरोबर दीड किलो भरलीस, म्हणून दीडकी. ते हसले आणि मी रडले. तेव्हापासून माझ्या डोक्यात तुझं वजनच बसलं. सोळाव्या वर्षी तू पांढरं सोडलंस. मग शाळेत पडलीस, गालफडं बसली. हॉस्पिटलात माझा एक नियम होता. ज्याच्या अंगात जीव कमी, त्याच्या वाटीत चमचा जास्त. कुणाला विचारायचं नाही. तोच नियम मी घरी आणला. तांदळाच्या पिठाचा डबा रिकामा केला आणि त्यात पावडर भरली. पीठ पांढरं, पावडर पांढरी, कुणाला कळणार? तुझ्या डाळीत, सूपमध्ये, बटाट्याच्या भाजीत तीन वर्षं रोज घातली. तू विचारायचीस, "आई, पांढरं काही नाही ना?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणायचे, "नाही गं राणी." तुझ्या गालांवर रंग आला की मला वाटायचं, मी जिंकले.

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या रविवारी त्यांनी पीठ समजूनच चमचा घातला. तुझं बोट जिभेला लागलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी नळ सोडला, मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात ते "मीच घालतो" म्हणाले, ते मी ऐकलं आणि मिठाची गुळणी धरून भांडी घासत राहिले. एकच पातेलं तीनदा घासलं.

तू दार आपटून गेल्यावर मी म्हटलं, "असं का केलंत?" ते म्हणाले, "दोघंही तिच्या मनातून उतरलो असतो. तिला एक तरी राहू दे." मी म्हटलं, दोन दिवसांनी तिला खरं सांगेन. दोन दिवस सात वर्षं लांबले. तुझी पत्रं यायची, लाडाची, विचारपूस करणारी. ती मला हवी होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ती आपल्या घरात दिली गेली, आणि चोर टपालाची वाट बघत बसायचा.

याहून वाईट अजून लिहायचं आहे.

ते वेगळं पातेलं. मी जगाला सांगत फिरले की नवरा बायकोचा भार हलका करतो. शेवटच्या आठवड्यात मला कळलं. बाहेर ते प्रत्येकाला चिठ्ठी दाखवायचे, प्रत्येकाच्या उत्तरावर विश्वास ठेवून जेवायचे. कुठला कोण वाढपी "नाही साहेब" म्हणाला की घास उचलायचे. घरी मात्र सात वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. विचारायला नको म्हणून स्वतः रांधलं. मला खोटं बोलायची पाळी येऊ नये म्हणून असेल, किंवा माझं उत्तर ऐकायचंच नसेल. दोन्ही असेल.

शनिवारी मी लाल भोपळ्याचं सूप केलं. डॉक्टरांचं बोलणं कानात होतं. खरं सांगते, पावडरचं पाकीट फोडलं होतं, चमचा भरला होता, पातेल्यावर धरला होता. मग ते पाकीट बेसिनमध्ये ओतलं. तो वास अजून तिथे आहे. नुसता भोपळा, मीठ आणि मिरी. वाटी घेऊन मी त्यांच्या उशाशी बसले आणि चमचा तोंडाशी नेला.

त्यांनी विचारलं. सात वर्षांत पहिल्यांदा. "पांढरं काही नाही ना?"

मी म्हटलं, "नाही हो."

खरंच नव्हतं, दीडके! तुझी शपथ. नव्हतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. काटा स्थिर व्हायची वाट बघावी तसे. मग चमचा हळूच बाजूला केला, माझा हात धरला आणि म्हणाले, "राहू दे. तू दमली असशील." मी म्हटलं, "अहो, खरंच नाही, चाखून दाखवू?" ते म्हणाले, "मला माहीत आहे." आणि डोळे मिटले. त्यानंतर माझ्या हातचं त्यांनी काही घेतलं नाही. पाणी घेतलं, तेही तांब्यातून ओतताना बघून.

ती वाटी मी स्वयंपाकघरात उभी राहून संपवली. चांगलं झालं होतं सूप.

पहिल्या पत्रातच ती एक ओळ लिहिली असती तर तू आली असतीस. तुझ्या हातचं तरी ते जेवले असते. तुझ्यावर त्यांचा विश्वास होता, तुझी चिठ्ठी शेवटपर्यंत खिशात होती. ही गोष्ट मला कळत होती, दोन्ही पत्रं लिहिताना कळत होती. तरी लिहिली नाही, कारण तुझं पुढचं पत्र मला हवं होतं. माझं अपराधीपण यापेक्षा साध्या शब्दांत मला सांगता येत नाही.

आता तू लिहू नकोस. मी वाट बघणार नाही असं म्हणत नाही, ते खोटं होईल, आणि खोटं आता पुरे झालं.

चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. मागच्या बाजूला त्यांनी सगळ्या खाणावळींची नावं बारीक अक्षरात लिहून ठेवली आहेत, जिथे खरं सांगतात त्यांची. एकवीस आहेत. आपलं घर त्यात नाही. मी दोनदा पाहिलं.

कधी आलीस तर त्यांचं पातेलं फळीवर आहे, तार घट्ट आहे. तुझं तू रांध. मी चुलीपाशी येणार नाही, दाराबाहेर बसेन. तू वाढलंस तर जेवेन, आणि त्यात काय आहे ते विचारणार नाही.

'तुझी' लिहिण्याचा हक्क नाही, म्हणून नुसतं,
आई