पाटीवरचं 'डॉ.'

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
११ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा पार पडल्याचं कळलं आणि मी ऑफिसभर बकलावा वाटला. तुझी आई म्हणते, जरा पाय जमिनीवर ठेवा. कसे ठेवू? डिप्लोम्यावर एकतीस वर्षं इथे सुपरवायझरच राहिलो. मुसाफ्फाच्या वर्कशॉपातल्या हमदुल्लामागे यल्ला यल्ला, लवकर लवकर करत लागून पितळी पाटी करवून घेतली, 'डॉ. उर्वी साळगावकर', आणि दारावर लावलीसुद्धा!

जर्मनीला जाताना तू म्हणाली होतीस, डॉक्टर होऊनच या दाराशी येईन. चार वर्षं झाली. तीस जूनला माझी नोकरी खलास, कंपनीचं हे घरही परत करायचं. त्याआधी एकदा त्या पाटीखाली उभी राहा. फोनवर हे बोलायला जमत नाही, म्हणून पत्र.

लोभ आहेच, तो आता समोर बसून हवा आहे.
तुझा,
अण्णा

लाइप्झिग
२ मार्च २०२५

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

रागावू नका, पण ती पाटी आधी उतरवा. मी अजून डॉक्टर नाही. जर्मनीत तोंडी परीक्षेने भागत नाही. प्रबंध छापायचा, ग्रंथालयात प्रती द्यायच्या, मग प्रमाणपत्र. ते हातात पडल्यावरच नावाआधी 'डॉ.'. आधी लावलं तर इथे गुन्हा आहे. आपल्या खालच्या मजल्यावरची नादिया हॉलंडात शिकली, तिथे सगळं उलटं. पुस्तक आधी छापायचं, मग पाहुण्यांसमोर घड्याळ लावून तासभर प्रश्न. तास भरला की दंडधारी शिपाई येऊन थांबवतो, वाक्य अर्धं असलं तरी, आणि त्याच दिवशी बाईसाहेब डॉक्टर! माझी इटलीची मैत्रीण तर तीन वर्षांच्या पदवीवरच गावात डॉक्टर म्हणून मिरवते. मीच तेवढी नुसती उर्वी.

सरांनी दोन प्रकरणं सुधारायला दिली आहेत. छपाई धरून सप्टेंबर उजाडेल. जूनमध्ये रिकाम्या हाताने कशी येऊ? आईच्या हातचं बांगड्याचं तिखलं मात्र स्वप्नात येतं.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
तुमची,
उर्वी

मोहम्मद बिन झायद सिटी
२१ मार्च २०२५

चि. उर्वी हिस,
अनेक आशीर्वाद.

पाटी काढायला स्टुलावर चढलो, तर तुझ्या आईने मलाच खाली उतरवलं. म्हणाली, अख्खी कशाला काढता, 'डॉ.' तेवढं झाका. त्यावर काळी टेप चिकटवली आहे. आता जर्मन पोलीस आले तरी चहा पिऊन जातील.

पोरी, माझं राहिलेलं तुझ्याकडून पुरं करून घ्यायच्या नादात मी तुला घरी यायलाही अट घालून बसलो. प्रमाणपत्र सप्टेंबरात येईल, नाहीतर पुढच्या वर्षी. हे घर जूनपर्यंतच आहे. तुझ्या खोलीच्या भिंतीवर तू दहावीत पेन्सिलने लिहिलेली आवर्तसारणी रंगवून टाका, असं कंपनी म्हणते. मी अजून ब्रश उचललेला नाही. तुझी फार आठवण येते. नुसती उर्वी म्हणून ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
अण्णा

लाइप्झिग
५ एप्रिल २०२५

ती. अण्णा व आईस,
साष्टांग नमस्कार.

पत्र विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसून वाचलं आणि तिथेच रडले. अट तुम्ही नव्हती घातली, अण्णा. मीच घातली होती. पदवीशिवाय आले तर तुमचा चेहरा उतरेल, याची भीती वाटायची.

चौदा जूनचं तिकीट काढलं आहे. भिंत आपण दोघं मिळून रंगवू. टेप तशीच राहू द्या. बेल वाजली की तुम्ही नेहमीसारखं आतून विचाराल, कोण आहे. मी एवढंच म्हणेन, मी. दार उघडा.

बाकी लोभ भेटीत.
तुमची,
उर्वी