बिनखिशाचा गणवेश

ती. दाजींना,

धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. कंबर धरली आहे, खाली गेलो तर वर यायला दोन माणसं लागतात.) ताईचा गुडघा कसा आहे? आणि तुमचं पित्त? देशाचं शैक्षणिक धोरण तुमच्या ऑफिसात बनतंय असं ताई ज्याला त्याला सांगते, तेव्हा ते धोरणापायीच खवळलं असणार, तिच्या स्वयंपाकाने नव्हे, असं मी इथे सगळ्यांना ठासून सांगतो.

"जनतेच्या सूचना मागवल्या आहेत, तूही जा," असं तुम्हीच फोनवर म्हणालात, म्हणून मी सभेला गेलो. हे आधीच लिहून ठेवतो, पुढे दोष कोणाला द्यायचा ते सोपं पडेल. धोरणाच्या मसुद्यात 'शालेय गणवेश असावा की नसावा' असा एक मुद्दा आहे हे वाचलं आणि मी हातातली कात्री खाली ठेवली. गणवेश गेला तर शाळेच्या शिंप्याला उरतं काय? पडद्यांना टीप मारणं आणि सुटलेल्या पोटांच्या पँटी ढिल्या करणं. तेव्हा आठवडाभर मशीन चालवता चालवता भाषण पाठ केलं. समता, शिस्त, एकोपा, सगळं घातलं. दुकानाचं नाव तेवढं घातलं नाही.

सभा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होती. एकेका मुद्द्याला एकेक टेबल. गणवेशाच्या टेबलावर मी, एक दंतवैद्य, पालकांतर्फे दोन आया, शाळेचे ड्रिलमास्तर, आणि विद्यार्थ्यांतर्फे कोण, तर आमचंच कन्यारत्न. (घरी चकार शब्द काढला नव्हता. तिच्या आईला म्हणे माहीत होतं.) सभा चालवणाऱ्या अधिकारी बाईंनी विचारलं, टेबलाचं म्हणणं माइकवर कोण मांडणार? माइक म्हटल्याबरोबर माझा हात वर गेला. गटाचं ठरेल तेच मांडायचं, स्वतःचं नाही, हा नियम बाईंनी त्यानंतर सांगितला. गट कुठे माझ्या शब्दाबाहेर जातोय, अशा घमेंडीत मी होकार दिला.

माझं भाषण झालं. दंतवैद्य तर भारावलेच. मग लेक उभी राहिली आणि तिने मला एवढंच विचारलं, "बाबा, मुलांच्या पँटीला तुम्ही तीन खिसे शिवता. आमच्या फ्रॉकला एकही का नाही?" मी म्हटलं, पूर्वीपासून असंच शिवतात. त्यावर ती म्हणाली, "मग रुमाल मोज्यात आणि पेन्सिल केसांत खोचून आम्ही समता शिकायची का?" दोन्ही आयांनी टाळ्या वाजवल्या. मोजे घसरले म्हणून रोज मुलींवर ओरडणारे ड्रिलमास्तर एकदम छताचा पंखा बघू लागले. दंतवैद्यही फिरले. ठरलं, असला गणवेश नकोच. एकमताने, म्हणजे माझं मत सोडून, आणि माझं मत मांडायला मलाच बंदी.

दाजी, माइक हातात आला आणि मी वाहवत गेलो. गणवेश का नको याची मलाही माहीत नसलेली कारणं सुचत गेली. आम्ही शिंपी कापड वाचवायला खिसे खातो, हे धंद्यातलं गुपितसुद्धा सांगून बसलो. हॉल उभा राहिला. आता मुख्याध्यापक दुकानावरून जाताना हसून हात करतात, पण यंदाची मापं घ्यायला काही बोलावत नाहीत. खरं सांगतो, मला धास्ती बसली आहे. घर या मशीनवरच चालतं.

असो. ताईला नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

आपला,
मेहुणा (शिंपी, आणि आता लोकांच्या मते शिक्षणतज्ज्ञ)

ता. क. खरं काम असं की आमच्या टेबलाची सूचना तुमच्या ऑफिसातल्या गठ्ठ्याच्या तळाशी सरकवता येईल का? तिच्यावर चहा सांडला तरी चालेल.

आणखी ता. क. शुद्धलेखन बघायला पत्र लेकीकडे दिलं, ही चूक झाली. "चहाच सांडायचा होता तर आम्हाला बोलावलं कशाला?" एवढंच म्हणून ती आत निघून गेली. मला लाज वाटली. तेव्हा वरचं ता. क. रद्द, सूचना आहे तिथेच राहू द्या. मुदत अजून संपलेली नाही, तर माझी वेगळी सूचना जनता म्हणून दाखल करा: गणवेश ठेवावा, पण मुलींना दोन खोल खिसे सक्तीचे करावेत. (शिलाई जरा वाढेल. त्याला माझा इलाज नाही.) आज तिच्या फ्रॉकला दोन्ही खिसे शिवून दिले. तेव्हापासून ती घरभर हिंडते आहे. हे पत्र पेटीत टाकून ये म्हटलं, तर हात रिकामे नाहीत म्हणते.