अकरा नंबरची इमारत

प्रिय ठमे,

फोन करता आला असता, पण फोनवर मी खोटं बोलतो हे एव्हाना माझ्या लक्षात आलंय. तुझा आवाज ऐकला की जीभ भलतीकडेच वळते. कागदावर निदान खोडायची तरी लाज वाटते.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात आणि गुडघ्यांबद्दल आई. तुझ्या खोलीतलं शिलाई मशीन तिने बाहेर हलवलं, पडदे धुतले, पलंगाचा करकरणारा पाय सुताराकडून बसवून घेतला. मी म्हटलं, एवढी घाई कशाला. पण या घरात माझं कोण ऐकतं.

ऑफिसात पुन्हा ते मॉडेल बाहेर काढलंय. तेच, बारा फुटी, शहराबाहेरच्या तंत्रज्ञान नगरीचं. नियोजन खात्यात मॉडेल करणारा मी एकटाच उरलोय, त्यामुळे काचेची पेटी उघडायचा मान माझा. एकोणीस वर्षांत ही नगरी चारदा नव्याने आखली गेली. दर वेळी सरकारी हमी, दर वेळी नवं नाव, आणि पाट्यांखाली थर्माकोल तेच. तळ्याचा निळा पत्रा पिवळा पडला म्हणून बदलला, एवढीच काय ती प्रगती. झाडांसाठी मी अजून हिरवा स्पंज चहाच्या गाळणीवर घासतो. गाळणी हरवली असं आईला वाटतं, तू बोलू नकोस.

मागच्या महिन्यात प्रत्यक्ष जागेवर जाऊन आलो. कमान उभी आहे. कमानीखाली रखवालदार खुर्ची टाकून बसतो आणि येईल त्याला आत कुठे जायचंय असं विचारतो. आत जाण्यासारखं काही नाही, हे त्यालाही ठाऊक आहे. मला बघून त्याने दुसरी खुर्ची आणली. बसलो दोघं जरा वेळ. खूप थकल्यासारखं झालं गं, आणि चाललो तर काहीच नव्हतो.

तुला आठवतं का, नऊ वर्षांची असताना सुट्टीत तू माझ्याबरोबर वर्कशॉपमध्ये यायचीस? मॉडेलमधली माणसं तांदळाच्या दाण्याहून लहान आणि सगळी पांढरी. त्यातल्या एकीला तू आईच्या नेलपॉलिशने लाल केलंस, तळ्याकाठी चिकटवलंस, आणि ही मी, मोठी झाल्यावर इथे नोकरी करणार, असं जाहीर करून टाकलंस. त्यानंतर चार साहेब आले नि गेले. प्रत्येकाने विचारलं, ते लाल काय आहे. एकाला मी आग विझवायचा नळ सांगितला, दुसऱ्याला टपालपेटी. धूळ झटकताना ब्रश तुला वळसा घालून न्यायचो.

म्हणून त्या नव्या कंपनीने तुला नोकरीवर घेतलंय आणि ती आमच्याच नगरीत अकरा नंबरच्या इमारतीत ऑफिस उघडणार आहे, असं तू सांगितलंस, तेव्हा माझा स्वतःवर ताबा राहिला नाही. दुसऱ्याच दिवशी तुला तळ्याकाठून उचललं आणि अकरा नंबरच्या दारात उभं केलं. फोनवर तू विचारलं होतंस, बाबा, खरंच होणार ना, तुम्ही तर आतलेच. मी म्हणालो, होणार म्हणजे काय, काम जोरात आहे. त्या कमानीखाली बसून आलो, त्याला तेव्हा दोनच दिवस झाले होते.

परवा साहेबांनी बोलावलं. अकरा नंबर काढा आणि तिथे झाडं लावा, एवढंच म्हणाले. कारण विचारण्याइतका मी मोठा नाही, पण बातमी पेपरात यायच्या आधी माझ्या कटरखाली येते, हे चारही वेळा पाहिलंय. ती कंपनी येत नाहीये. तुला ते सांगतील तेव्हा सांगतील, आणि तू तर तीस तारखेला तिथल्या हातातल्या नोकरीचा राजीनामा देणार आहेस. देऊ नकोस. मला तू घरी हवी होतीस, म्हणून मी हो म्हणालो. दुसरं काही कारण नव्हतं. आईला अजून सांगितलेलं नाही, तेही मलाच निस्तरायचंय. पत्र कुरिअरने धाडतोय, तीसच्या आत पोचेल. इमारत सोडवायच्या आधी पात्याने हलकेच तुला सोडवलं. सोबतच्या लहान पाकिटात कापसात ठेवलंय. उघडताना जपून, पटकन दिसणार नाहीस.

तुझाच,
थर्माकोलवाला बाबा