समोरची काच

सुलतानपूर, ८ जानेवारी

ती. प्रतीक्षाताईस,
सागरचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र काऊन, असं म्हणशील. घरातला फोन बाबांच्या खिशात राह्यते, अन् ही गोष्ट त्यांच्या कानावर जायले नको. एकतीस तारखेले ते एसटीच्या ड्रायव्हरकीतून रिटायर होतात ना, त्यासाठी मी त्यांच्या लाल गाडीचं मॉडेल बनवून राह्यलो. हातभर लांब. आयटीआय सोडलं तवा बाबा म्हणाले होते, हातात घेतलेलं एक तरी काम पुरं कर, मगच घरात पाय ठेव. दोन वर्षं झाली.

पण घोटाळा झाला. लाल फवारा मारताना गाडीच्या प्लास्टिकच्या काचा झाकाव्या लागतात. गोल कोपऱ्यावर टेप बसत नाही. मी इथं ज्ञानेश्वरभाऊच्या सायकल दुकानात कामाले आहो, म्हणून पंक्चरचं सोल्युशन फासलं. सुकलं की रबर होते, बोटानं घासलं की गोळ्या होऊन निघते. आज एक जण मोरपिसं लावलेली सायकल घेऊन आला होता, काय सांगू तुले! असो. सोल्युशन निघालं, पण त्यानं प्लास्टिक खाल्लं. सगळ्या काचा पांढऱ्याफट्ट. आता काय करू? जीव थाऱ्यावर नाही. लवकर कळव, अन् माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
सागर

डोणगाव, १३ जानेवारी

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

येड्या, आधी विचारायचं तरी! रुखवताच्या आरशांवर रंग उडू नये म्हणून मी सुताराचा पांढरा गोंद लावते. नव्या काचा बसव, त्यावर दोन पातळ हात दे. सुकला की काचेसारखा दिसतो. रंग मारल्यावर पुरता वाळायच्या आत नखानं कोपरा उचल, दुधाच्या सायीवानी निघतो.

बाबा आजकाल जेवता जेवता उजवा पाय दाबतात. आई म्हणते, पाटाले ब्रेक नाही. परवा बाबांनी मले विचारलं, सागर कुठं आहे. मी माहीत नाही म्हटलं. मोरपिसांचं राहू दे, गाडी पुरी कर. आम्हाले विसरू नको.

तुझी,
ताई

सुलतानपूर, २३ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाजूच्या काचा पेढ्याच्या डब्याच्या झाकणातून नव्या कापल्या. तुझा गोंद सायीवानीच निघाला, मी दुकानात नाचलो. पण समोरची काच वाकडी, ती ज्ञानेश्वरभाऊच्या जुन्या हेल्मेटच्या काचेतून कापलेली, दुसरी मिळत नाही. चार दिवस टूथपेस्टनं घासली. ड्रायव्हरच्या समोर अंगठ्याएवढी जागा साफ झाली, बाकी पांढरीच. मधले तीन दिवस मोरपिसंवाल्यासंग जत्रेत गेले, हे बाबांना सांगू नको.

हे असं अर्धवट घेऊन दारात कसा उभा राहू? ते म्हणतील, हेही अर्धंच. गाडी भाऊकडं ठेवतो अन् एकतीसच्या आधीच कुठं तरी निघून जातो. तू मात्र रागावू नको.

तुझा,
सागर

डोणगाव, २७ जानेवारी

चि. सागर,
आशीर्वाद.

पोस्टमनने पत्र माझ्या हातात दिले. वर प्रतीक्षाचे नाव, पण अक्षर तुझे. फोडले. तिची माफी मागितली, मग तिने तुझे आधीचे पत्रही दाखवले.

जानेवारीत मेहकरहून सकाळची पहिली गाडी काढली की समोरची काच अशीच पांढरी असते. बाहेर थंडी, आत पन्नास माणसांचा श्वास. एकतीस वर्षे मी तळहाताने आपल्यापुरती जागा पुसली आणि तेवढ्यातून रस्ता पाहिला. तू घासलीस ती जागा तेवढीच आहे. आता टूथपेस्ट वाया घालवू नकोस.

एकतीसला माझी शेवटची फेरी सुलतानपूरला सकाळी साडेदहाला येते. स्टँडवर थांब. गाडी मांडीवर धर, खाली ठेवू नकोस. माझ्या मागची सीट धरून ठेवायला कंडक्टरला सांगितले आहे. जत्रेचे घरी आल्यावर ऐकीन.

तिकीट मात्र काढावे लागेल.

तुझा,
बाबा